नावांची वही कोणाच्या हाती?

आपल्या घरांत फोनशेजारी पत्त्यांची वही असे. तीत 'इंदूरची मावशी' एवढे लिहिले की पुरे. शेजाऱ्यांच्या वहीत त्याच नावापुढे वेगळा नंबर असे, पण त्यावरून कधी तंटा झाला नाही. ज्याची वही, त्याची मावशी!

इंटरनेटवर मात्र साऱ्या जगाची वही एकच. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधणारी ही व्यवस्था पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली आखली. तिचे मूळ रजिस्टर कॅलिफोर्नियातील 'आयकॅन' ही संस्था सांभाळते. २०१६ पर्यंत हे काम अमेरिकी सरकारच्या कराराखाली चाले. सोय मोठी आहे. पण वहीतले नाव खोडले की घर जागेवर असूनही सापडत नाही. डिसेंबर २०१० मध्ये नावसेवा देणाऱ्या कंपनीने हात काढून घेताच विकिलीक्सचे हेच झाले.

म्हणून ओळख झाकून चालणाऱ्या, मधे कोणी मालक नसलेल्या जाळ्यांनी घरची वही पुन्हा काढली. 'आयटूपी' जाळ्यात प्रत्येक संगणकाची स्वतंत्र पत्तेवही असते. खरा पत्ता म्हणजे अक्षरांची लांबलचक माळ. तिला सोपे नाव आपण द्यायचे, किंवा विश्वासातल्या वहीतून उतरवून घ्यायचे. मात्र खोटा पत्ता उतरवला गेला, तर तक्रारीला खिडकी नाही. नाव सोपे हवे, खात्रीचे हवे आणि कोणा एकाच्या मुठीत नको. हे तिन्ही एकत्र साधणे कठीण, असे झूको विलकॉक्स यांनी २००१ सालीच सांगून ठेवले आहे.

आम्ही बँकेच्या काउंटरवर बसतो. बँकेसारख्याच दिसणाऱ्या बनावट संकेतस्थळावर पासवर्ड देऊन बसलेले वृद्ध खातेदार आम्ही पाहिले आहेत. रिझर्व्ह बँकेने २०२५ साली भारतीय बँकांच्या संकेतस्थळांसाठी 'डॉट बँक डॉट इन' हे राखीव नाव आणले आणि त्याची नोंदणी हैदराबादच्या एकाच संस्थेकडे सोपवली, हे उत्तमच झाले. पैशाच्या व्यवहारात जाब विचारता येईल असे एक दप्तर हवेच.

विचारांच्या व्यवहाराला मात्र तोच नियम लावू नये. २०१४ साली सरकारी दप्तरात बेळगावचे 'बेळगावी' झाले. सीमाभागातल्या मराठी घरांत ते बेळगावच राहिले. ही घरची वहीच नव्हे काय? अशी जाळी गुन्हेगारही वापरतात, हे खरे. गुन्ह्याचा तपास जरूर व्हावा. पण स्वतःची वही बाळगणे हाच गुन्हा ठरता कामा नये. एक वही बँकेची, एक घरची. दोन्ही टिकल्या पाहिजेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.