विमा कंपनीचा पी/ई नावाची थाप

"हा शेअर फक्त आठ पी/ईला मिळतोय, फुकट आहे फुकट!" हे वाक्य इथल्या देशी मंडळींच्या कुठल्याही पॉटलकमध्ये जेवणं झाल्यावर कानावर येतंच. ग्रीन कार्डाची रांग आणि मुलांचे क्लास हे दोन विषय उरकले की गाडी शेअरबाजारावर येते. बोलणारा बहुधा माझ्यासारखाच इंजिनियर असतो. लॅबमध्ये कोणी एका रीडिंगवरून निष्कर्ष काढला तर हाच माणूस त्याला उभा-आडवा सोलून काढेल. पण स्वतःच्या निवृत्तीचे पैसे लावताना मात्र त्याला गेल्या एका वर्षाचं एकच रीडिंग पुरतं. आणि कंपनी विम्याची असेल तर त्या रीडिंगला जवळजवळ काहीही अर्थ नसतो, असं माझं ठाम मत आहे.

का ते सांगतो. साबण विकणार्‍याला साबण विकतानाच ठाऊक असतं की तो बनवायला किती पैसे लागले. विमा कंपनीचं उलटं आहे. ती आधी माल विकते, पैसे घेते, आणि मालाची किंमत काय होती ते तिला नंतर कळतं. कधी सहा महिन्यांनी, कधी पंधरा वर्षांनी. मधल्या काळात ती जो नफा जाहीर करते त्यात "दाव्यांपोटी एवढे द्यावे लागतील" हा एक अंदाज बसवलेला असतो. म्हणजे पी/ई मधला तो 'ई' अर्धा मोजलेला आणि अर्धा अंदाजलेला. त्यात भर वादळांची. ज्या वर्षी वादळ आलं नाही त्या वर्षी कंपनी हुशार दिसते, आलं की मूर्ख. दोन्ही वर्षी कंपनी तीच असते.

आमच्या कोकणात कोणी हापूसची बाग एका वर्षाचं पीक बघून विकत घेत नाही. हापूस एक वर्षाआड धरतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. भरलेल्या वर्षी बाग दाखवायला नेणारा मालक आणि "फक्त आठ पी/ई" म्हणणारा मित्र यांत मला फारसा फरक दिसत नाही. (मित्राचा हेतू निदान चांगला असतो.)

आता एक खरं उदाहरण घेऊ. ऑलस्टेट ही इथली घर आणि गाडीचा विमा विकणारी मोठी कंपनी. सिअर्स या दुकानदार कंपनीने ती १९३१ साली काढली आणि १९९५ मध्ये ती पूर्ण वेगळी झाली. २००५ मध्ये कतरिना आलं आणि कंपनीचा नफा १.८ अब्ज डॉलरच्या आसपास घसरला. २००६ चा वादळांचा हंगाम एकदम शांत गेला आणि नफा झाला सुमारे ५ अब्ज. त्या वर्षअखेरीला शेअरचा भाव ६५ डॉलर होता, म्हणजे पूर्ण कंपनीची किंमत साधारण ४० अब्ज. चाळीस भागिले पाच, आठ. झालं, फुकट!

आता जरा मागे जाऊ. १९९७ पासूनचे नफे अब्ज डॉलरमध्ये साधारण असे आहेत: ३.१, ३.३, २.७, २.२, १.२, १.१, २.७, ३.२, १.८ आणि ५.०. पण १९९७ चा डॉलर हा २००६ चा डॉलर नव्हे. अमेरिकन सरकारचा ग्राहक किंमत निर्देशांक १९९७ मध्ये सरासरी १६०.५ होता, २००६ मध्ये २०१.६. म्हणून १९९७ च्या नफ्याला सव्वाने गुणायचं, मग ३.१ चे ३.९ होतात. असंच दर वर्षाचं करायचं आणि सरासरी काढायची. ती येते ३ अब्जांच्या किंचित खाली. आता चाळीस भागिले तीन करा. साडेतेरा-चौदा. (एकूण नफ्याऐवजी प्रति शेअर नफा धरलात तर आकडा १६ च्या आसपास जातो, कारण त्या दहा वर्षांत कंपनीने आपलेच शेअर भरपूर विकत घेतले आणि जुनी वर्षं प्रति शेअर बारीक दिसतात. मला खरं उत्तर या दोन्हींच्या मधे कुठेतरी वाटतं.) चौदा म्हणजे महाग नव्हे, ठीकठाक भाव. पण फुकट तर नक्कीच नव्हे.

ही युक्ती माझी नाही हे सांगायला नको. बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड यांनी १९३४ सालीच लिहून ठेवलं होतं की कमाई बघायची तर निदान पाच आणि शक्यतो सात किंवा दहा वर्षांच्या सरासरीवर बघा. १९८८ मध्ये जॉन कॅम्पबेल आणि रॉबर्ट शिलर यांनी तिला महागाईची जोड दिली आणि सबंध बाजाराला लावून दाखवली. शिलरना २०१३ मध्ये नोबेल मिळालं. पण लोक हे माप बाजार महाग की स्वस्त यावर वाद घालायलाच वापरतात. मला वाटतं त्याची खरी जागा एकेकट्या विमा कंपनीपाशी आहे. टेक कंपनीला दहा वर्षांची सरासरी लावणं हास्यास्पद आहे, दहा वर्षांपूर्वी ती कंपनी वेगळंच काहीतरी विकत होती. गाडीचा विमा मात्र दहा वर्षांपूर्वीही गाडीचाच विमा होता. सिग्नल हळू बदलतो आणि नॉईज प्रचंड, अशा ठिकाणी सरासरी हेच शहाणपणाचं फिल्टर.

पुढे काय झालं? २००७ ठीक गेलं. २००८ मध्ये कंपनीला सुमारे १.७ अब्जांचा तोटा झाला. त्यात आइक आणि गुस्ताव्ह ही वादळं होती, पण मुख्य मार गुंतवणुकीत बसला. वर्ष संपताना भाव ३३ च्या खाली होता, म्हणजे बरोब्बर निम्मा. गंमत बघा, २००८ चा निकाल धरला तर पी/ईच्या रकान्यात नुसती आडवी रेघ येते, कारण भागायला नफाच नव्हता! आठ पी/ईला ६५ डॉलर देणारे खुशीत होते आणि रेघ बघून ३३ डॉलरला विकणारे घाबरले होते. २०१६ अखेर भाव होता ७४. दहा वर्षांची महागाई धरली तर ६५ चे ७७ व्हायला हवे होते. लाभांश सोडला तर २००६ च्या 'फुकट'वाल्याने दहा वर्षांत खर्‍या अर्थाने दमडी कमावली नाही, आणि आडव्या रेघेवर घेणार्‍याचे आठ वर्षांत दुप्पट झाले.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ३ अब्जांची ती सरासरीसुद्धा आशावादी ठरली. २००७ ते २०१६ या दहा वर्षांत नफ्याची साधी सरासरी दोन अब्जांच्याही खाली राहिली. याचं एक मोठं कारण व्याजदर. विमा कंपनी हप्ते आधी घेते आणि मधल्या काळात ते पैसे बहुतांशी बाँडमध्ये ठेवते. अमेरिकन सरकारचे दहा वर्षांचे रोखे २००६ अखेर पावणेपाच टक्क्यांच्या आसपास देत होते, २०१६ अखेर अडीच टक्क्यांच्या आसपास. गेल्या दहा वर्षांच्या सरासरीत गेल्या दहा वर्षांचे व्याजदर भरलेले असतात आणि ते पुढे राहतीलच असं नाही. म्हणून मी ती सरासरी उत्तर म्हणून वापरत नाही, वरची मर्यादा म्हणून वापरतो आणि मग शेजारी पुस्तकी किंमत ठेवून बघतो.

दुसरी अडचण जास्त खोल आहे, आणि इंजिनियरला ती लगेच कळावी. धरण बांधताना आपण शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर धरतो. दहा वर्षांच्या नोंदी बघून धरण बांधणार्‍याला आपण तुरुंगात पाठवू. ऑगस्ट १९९२ मध्ये अँड्र्यू हे वादळ मायामीच्या दक्षिणेला होमस्टेडवर आदळलं. ऑलस्टेटने त्यात फ्लोरिडात जे पैसे दिले ते कंपनीने त्या राज्यात आधीच्या ५३ वर्षांत सगळे विमे आणि गुंतवणूक मिळून कमावलेल्या एकूण नफ्याहून जास्त होते. त्रेपन्न वर्षं! अकरा छोट्या कंपन्या तर बुडाल्याच. म्हणजे १९९१ साली कोणी फ्लोरिडातल्या धंद्याची दहा काय, पन्नास वर्षांची सरासरी काढली असती तरी ती खोटीच निघाली असती. कॅम्पबेल आणि शिलर यांनी दहा वर्षांबरोबर तीस वर्षांचीही सरासरी वापरली होती ती उगाच नव्हे. जिथे वादळांचा धंदा आहे तिथे मला दहा वर्षं कमीच वाटतात. मिळतील तेवढी वर्षं घ्यावीत आणि त्यात एखादं अँड्र्यूसारखं वर्ष आलेलं नसेल तर मनानेच एक घालावं.

इथे माझं डोकं फिरवणारा एक प्रकार म्हणजे "आपत्ती वगळता" नफा. विमा कंपन्या तिमाही निकालात वादळं, गारपीट, वणवे बाजूला काढून उरलेला आकडा ठळकपणे मांडतात. "मूळ धंदा किती छान चाललाय बघा!" अरे, आपत्तीसाठीच तर लोक तुम्हाला पैसे देतात ना? आपत्ती वगळून विमा कंपनीचा हिशोब मांडणं म्हणजे पेट्रोल वगळून टॅक्सीचा हिशोब मांडणं. व्यवस्थापनाला दोन तिमाहींची तुलना करायला तो आकडा उपयोगी असेलही. पण मी शेअर घेतला की वादळासकट घेतो, ते वगळून मिळत नाही. सरासरीचा मोठा फायदा हाच की ती काही वगळत नाही. २००५ ही आत, २००६ ही आत.

महागाईबद्दलही थोडं. ग्राहक किंमत निर्देशांक हे माझ्या खिशाचं माप आहे, विमा कंपनीच्या खिशाचं नव्हे. ती ठोकलेल्या गाड्या दुरुस्त करते, छपरं बदलते, हॉस्पिटलची बिलं भरते. जानेवारी २०२२ मध्ये इथे सर्वसाधारण महागाई वर्षाला साडेसात टक्क्यांवर होती, पण वापरलेल्या गाड्यांच्या किमती वर्षभरात ४० टक्क्यांनी चढल्या होत्या. हप्ते मात्र जुन्याच भावाने घेऊन झालेले, आणि ते वाढवायला बहुतेक राज्यांत विमा आयुक्तांकडे जावं लागतं. परिणाम असा की २०२२ मध्ये ऑलस्टेटला पुन्हा सुमारे १.४ अब्जांचा तोटा झाला. वादळांनी वाट लावली तशी जुन्या टोयोटांनीही लावली. त्यामुळे जुने नफे आजच्या डॉलरमध्ये आणायला सर्वसाधारण निर्देशांकच वापरावा, कारण शेवटी नफा माझ्या खिशात येणार आहे. पण खर्च कुठल्या दराने वाढतोय ते बघायला गाडीदुरुस्तीचे आणि बांधकामाचे भाव वेगळे तपासावेत. दोन कामं, दोन मापं. ही दोन्ही एकाच आकड्यात कोंबणारे पुष्कळ भेटतात.

मग अपेक्षेप्रमाणे हप्ते वाढले (आम्ही सगळ्यांनी ते निमूट भरले), २०२३ मध्ये छोटा तोटा झाला, आणि २०२४ मध्ये नफा साडेचार अब्जांच्या वर गेला. त्या नफ्यावर २०२४ अखेरचा पी/ई होता अकराच्या आसपास. दहा वर्षांची महागाई धरून केलेली सरासरी लावली तर तोच आकडा दीडपटीहूनही वर जातो. पॉटलकमध्ये कुठला आकडा सांगितला गेला हे तुम्ही ओळखलंच असेल.

असो. आता घरचा प्रश्न, कारण या विषयावर मला भारतातून सगळ्यात जास्त फोन येतात ते एलआयसीबद्दल. मे २०२२ मध्ये एलआयसीचा आयपीओ ९४९ रुपयांना आला, पॉलिसीधारकांना ६० रुपये सवलत होती. आमच्या ओळखीत ज्यांनी आयुष्यात कधी शेअर घेतला नव्हता अशा काकाकाकूंनी केवळ त्या नावावर विश्वास ठेवून अर्ज भरले. १७ मेला नोंदणी झाली ती त्या भावाच्या खालीच. मग पुढच्या वर्षी निकाल आले आणि फोन सुरू झाले: "अरे, नफा नऊपट झालाय, पी/ई एकदम खाली आलाय, आणखी घेऊ का?" खरंच, २०२१-२२ चा नफा सुमारे ४ हजार कोटी होता आणि २०२२-२३ चा ३६ हजार कोटी. पण एका वर्षात देशातली माणसं नऊपट विमा उतरवायला लागली नव्हती. पूर्वी एलआयसीचा सगळा पैसा एकाच निधीत असायचा आणि वाटायच्या रकमेचे ९५ टक्के पॉलिसीधारकांना, ५ टक्के सरकारला जायचे. आयपीओच्या आधी तो निधी दोन भागांत तोडला, आणि बोनस नसलेल्या पॉलिसींच्या निधीतली वाढ भागधारकांच्या खात्यात वळती होऊ लागली. नफ्याची उडी मुख्यतः तिथून आली.

म्हणजे इथे एका वर्षाचा पी/ई तर निरुपयोगी आहेच, पण माझी लाडकी दहा वर्षांची सरासरीही चालत नाही. २०२१ च्या आधीचे आणि नंतरचे नफे वेगवेगळ्या नियमांनी मोजलेले आहेत. त्यांची बेरीज म्हणजे किलो अधिक लिटर. आयुर्विम्यात जास्त अर्थपूर्ण आकडा म्हणजे एम्बेडेड व्हॅल्यू, म्हणजे हातातलं भांडवल अधिक विकून झालेल्या पॉलिसींतून पुढे भागधारकाला मिळू शकणार्‍या नफ्याची आजची किंमत. तोही व्याजदराच्या आणि लोक किती वर्षं हप्ते भरतील याच्या अंदाजांवर उभा असतो, पण निदान त्याचे अंदाज कागदावर लिहिलेले असतात. काकांना मी ते पान उघडून कुठली ओळ बघायची ते दाखवलंय. एकाच नियमाने मोजलेल्या दहा वर्षांच्या नफ्यासाठी २०३२ उजाडेल.