चार्जरला राखणदार हवा

विजेवर चालणाऱ्या मोटारीने मुंबईहून सिंधुदुर्गातील आमच्या कसालपर्यंतचे साडेचारशेहून अधिक किलोमीटरांचे अंतर कापता येते की नाही, हा प्रश्न आता वादाचा राहिलेला नाही. ते कापता येते, आणि गणपतीला किंवा मे महिन्यात येणाऱ्या चाकरमान्यांपैकी कित्येकजण ते कापून येऊन तिठ्यावर चहा पिताना दिसतात. विचार करण्याजोगा प्रश्न निराळा आहे. पेट्रोलच्या गाडीने निघणारा मनुष्य वाटेतील पंपांची फिकीर करीत नाही, कारण पंप उघडा असेल आणि तेथे कोणी तरी माणूस असेल याविषयी तो निःशंक असतो. विजेच्या गाडीने निघणाऱ्यास मात्र नकाशावरील ठिपक्यांपैकी कोणता जिवंत आहे आणि कोणता केवळ शोभेचा आहे, याची चौकशी करूनच घराबाहेर पडावे लागते. ही तजवीज कशी करावी, आणि ती करण्याची पाळी प्रवाशावर का यावी, या दोन गोष्टींचा येथे ऊहापोह करावयाचा आहे.

प्रथम विजेचा जमाखर्च पाहू. टाटांची विजेवरील नेक्सॉन २०२० च्या जानेवारीत बाजारात आली, तेव्हा तिच्या बॅटरीत ३०.२ युनिट वीज मावत असे आणि तेवढ्या विजेवर ती ३१२ किलोमीटर जाते, असे पुण्याच्या एआरएआय या संस्थेचे प्रमाणपत्र तिला होते. ते प्रमाणपत्र असत्य नव्हे. परंतु कसोटी ठराविक गतीने आणि ठराविक परिस्थितीत होते, आणि राष्ट्रीय महामार्ग ६६ वर ना ती गती राहते ना ती परिस्थिती. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, ताशी शंभराऐवजी ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्यास तो एक तृतीयांशाहून अधिक घटलेला आढळतो. म्हणजे घाई ही या प्रवासातील सर्वांत महागडी चैन होय. वातानुकूलन, चार माणसे आणि त्यांचे सामान जमेस धरले, तर युनिटमागे साडेसहा-सात किलोमीटर ही प्रामाणिक सरासरी समजावी. पुढे मोठ्या बॅटरीच्या गाड्या आल्या, २०२२ च्या नेक्सॉनला ४०.५ युनिटांची बॅटरी आणि ४३७ किलोमीटरांचे प्रमाणपत्र मिळाले, तरी कागदावरच्या आकड्यातून एक तृतीयांश वजा करून उरेल तेवढेच आपले मानावे, हा नियम बदलला नाही.

दुसरी बाब घाटांची. पुण्याहून येणारे बहुधा बंगळुरू महामार्गाने कोल्हापूर गाठतात, आणि तेथून राधानगरी, दाजीपूरचे अरण्य व फोंडाघाट या वाटेने, किंवा गगनबावड्यावरून करूळ घाटाने, खाली कोकणात उतरतात. महामार्ग सोडल्यानंतरच्या या रानवाटेवर चार्जरची आशा धरू नये. कोल्हापुरातच पोटभर वीज घ्यावी. उतरताना गाडीची मोटर जनित्रासारखी चालून थोडी वीज बॅटरीत परत घालते, त्यामुळे येताना घाट जाणवत नाही. तो जाणवतो परत जाते वेळी. माणसांसह अठराशे किलो भरणारी गाडी सहाशे मीटर उंच चढवावयास निव्वळ चढणीपोटी तीन युनिटांच्या आसपास वीज लागते, म्हणजे सपाटीवरचे वीस किलोमीटर एकट्या घाटाने गिळलेले असतात. म्हणून कोकणातून देशावर जाणाऱ्याने घाटाच्या पायथ्याशी चाळीस टक्क्यांहून कमी शिल्लक ठेवून वर पाहूच नये.

तिसरी बाब मुक्कामाची. रस्त्यावरचे जलद चार्जर ऐंशी टक्क्यांपर्यंत भराभर भरतात आणि नंतर बॅटरीच्या प्रकृतीखातर हात आखडता घेतात. तेव्हा शंभर टक्क्यांचा हट्ट धरून मागच्या माणसाला तिष्ठत ठेवण्यापेक्षा ऐंशीवर उठून पुढचे ठाणे गाठणे दोघांच्याही हिताचे. उरलेले काम रात्रीवर सोपवावे. पंधरा अँपिअरच्या साध्या पॉवर प्लगमधून तासाला तीनेक युनिट मिळतात, म्हणजे दहा तासांच्या झोपेत तीस युनिट, म्हणजेच जवळजवळ दोनशे किलोमीटर. चिपळूणला मावशीकडे किंवा लांज्याला मित्राकडे रात्र काढण्याची जी पद्धत वेगवान गाड्यांनी मोडीत काढली होती, ती या गाडीने पुन्हा चालू केली, याबद्दल मला तरी विषाद वाटत नाही. मात्र यजमानांच्या घराचे अर्थिंग आधी पाहून घ्यावे. आमच्याकडचा जांभा उन्हाळ्यात इतका कोरडा पडतो की अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालून वरून घागरभर पाणी ओतल्यावाचून कित्येक घरांत गाडीचा चार्जर वीज घेण्याचेच नाकारतो.

एवढे सर्व केल्यानंतरही जी अडचण उरते ती प्रवाशाच्या हातची नाही. महामार्गावरील एका ठिकाणी मी भर दुपारी गाडी उभी केली, तेव्हा चार्जर दिमाखात उभा होता, पडदा मात्र काळा होता, आणि शेजारच्या हॉटेलातला मुलगा बाहेर येऊन म्हणाला, "काका, ता कालपासून बंद आसा. कंपनीचो फोन लागणा नाय." त्या मुलाचा त्या यंत्राशी काडीचा संबंध नव्हता, तरी वाटसरूंना उत्तर देण्याचे काम बिनपगारी त्याच्याच अंगावर पडले होते. या अनुभवातून शहाणे लोक एक नियम शिकले आहेत, तो असा की दर टप्प्यास दोन चार्जर हिशेबात धरावे आणि पहिला बंद असला तरी दुसऱ्यापर्यंत पोहोचेल इतकी शिल्लक राखावी. एखादा चार्जर पाचांपैकी चार वेळा चालू असतो असे गृहीत धरले, तर एकट्यावर विसंबणारा पाचव्या खेपेस अडकतो आणि दुसरा राखून ठेवणारा पंचवीस खेपांत एकदाच. अर्थात हे दोन्ही चार्जर एकाच लाईनीवर असले तर लाईट गेल्याबरोबर दोन्ही एकदमच जातील; म्हणून पहिला कणकवलीचा धरला तर दुसरा कुडाळचा धरावा. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने या किनाऱ्यावरील विजेच्या खांबांची जी दाणादाण उडविली, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना या सावधगिरीचे प्रयोजन सांगावयास नको.

सरकार स्वस्थ बसले आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर पंचवीस किलोमीटरांस चार्जिंगची सोय करण्याचे अभिवचन आहे. अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग येथे विजेच्या मोटारींना पथकरही माफ झाला आहे, जरी त्यांतला अटल सेतू तेवढाच कोकणच्या वाटेवर पडतो. परंतु पंचवीस किलोमीटर हे माप अंतराचे आहे, आणि गणपतीच्या आदल्या दिवशी अंतर मोजून भागत नाही. एका गाडीस पाऊण ते एक तास लागत असेल तर चार्जरच्या एका गनवर चोवीस तासांत फार तर तीसेक गाड्या भरतील, आणि ज्याच्यापुढे चार गाड्या उभ्या आहेत त्याची दुपार तेथेच संपेल. शासकीय अहवालात मात्र चालू चार्जर, बंद चार्जर आणि चार तासांची रांग असलेला चार्जर हे तिन्ही 'एक नग' म्हणूनच दाखल होणार.

या बाबतीत एसटीचे उदाहरण बोधप्रद आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, आणि त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी 'शिवाई' ही विजेवरची बस सुरू झाली. तिच्या चालकास ठिपके शोधत फिरावे लागत नाही, कारण तिची वीज ठरलेल्या जागी असते आणि ती तेथे नसेल तर जाब कोणास विचारावयाचा हेही ठरलेले असते. पूर्वी सरकारी डाकबंगल्यांत खानसामा असे आणि नोंदवही असे; बंगला जुनाट असला तरी दाराशी आलेल्या वाटसरूला कोणी तरी उत्तर देत असे. आजच्या चार्जरला नेमकी हीच उणीव आहे. यंत्र आहे, पाटी आहे, अनुदान आहे, राखणदार नाही.

तेव्हा वाटसरूंना विनंती अशी की निघण्यापूर्वी चार्जरच्या जागी फोन करून तो चालू असल्याची खातरजमा करा, आणि बंद आढळलेल्या चार्जरची नोंद मागून येणाऱ्यांसाठी अगत्याने करा. आणि ओरोसच्या जिल्हा कचेरीतील अधिकाऱ्यांना विनंती अशी की खारेपाटणपासून बांद्यापर्यंत नवे चार्जर अवश्य बसवावे, परंतु प्रत्येकावर जबाबदार माणसाचे नाव, लागणारा फोन आणि दुरुस्तीची मुदत ठळक अक्षरांत लिहावी, आणि मुदत टळल्यास दंड वसूल करावा. कसाल तिठ्यावर, जेथून मालवणची वाट फुटते, या कामाचा प्रारंभ करता येईल. जागा महामार्गालगत आहे आणि जिल्हा कचेरी हाकेच्या अंतरावर आहे.