तपासाचा खेळ आणि चार्ज देण्याची सवय

भिलाई पाळ्यांवर चालते. १९५९ साली इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. अशी भट्टी रोज रात्री विझवता येत नाही, म्हणून माणसं आळीपाळीने जागतात. इथे पोस्टिंगवर असलेल्या आम्हा जवानांचंही तसंच. आज सकाळची ड्यूटी, परवा नाईट. सलग तीन तास मोकळे मिळत नाहीत. म्हणून बरेच जण म्हणतात, डिटेक्टिव्ह गेम आपलं काम नाही, धागेच विसरतात.

माझं मत उलट आहे. तुकड्यातुकड्यांच्या वेळात बसणारा खेळ हाच. पब्जीसारख्या खेळात मध्येच उठलं की साथीदार अडचणीत येतात आणि ड्यूटीवर गेलं तरी मन तिथेच राहतं. तपासाचा खेळ थांबतो. मेलेला माणूस कुठे पळून जात नाही!

लुकास पोपचा २०१८ सालचा 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' घ्या. तो लॅपटॉपवर चालतो. बेपत्ता झालेलं एक व्यापारी जहाज १८०७ साली परत येतं, पण वर जिवंत कोणी नाही. तुम्ही ईस्ट इंडिया कंपनीचे विमा तपासनीस. जहाजावरच्या ६० जणांपैकी कोण कोण होता आणि त्याचं काय झालं, हे ठरवायचं. तीन उत्तरं बरोबर जमली की मगच खेळ ती पक्की करतो, त्यामुळे नुसता तुक्का चालत नाही. कपडे, बोली, कोण कोणाशेजारी उभा आहे, यावरून माणूस ओळखायचा. पहारा केलेल्याला ही नजर नवी नाही.

अडचण एकच. खेळातल्या वहीत तुमचं उत्तर राहतं, ते का दिलं हे राहत नाही. त्यावर इलाज आपल्याकडेच आहे. पोस्ट सोडताना आपण चार्ज देतो, तसा स्वतःला द्यायचा. उठण्याआधी तीन ओळी: काय नक्की झालं, कोणावर संशय आहे आणि का, पुढे काय पाहायचं. पुढच्या पाळीचा माणूस तुम्हीच असता, पण नाईट करून आलेला. त्याला काही आठवत नाही असं धरून लिहा.

याचा खरा फायदा ड्यूटीवर कळतो. कागदावर उतरवलेलं कोडं डोक्यात घोळत नाही, आणि पहाऱ्यावर डोकं पहाऱ्यातच हवं.

वेळ कमी म्हणून यूट्यूबवर उत्तर मात्र पाहू नका. असा खेळ एकदाच सोडवता येतो. महिनाभर लागला तरी लागू दे.

बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचलेली मंडळी आपल्या माजी सैनिकांत अजून आहेत. वेळ संपली की पान दुमडायचं आणि कामाला लागायचं, हे त्यांना सांगावं लागणार नाही. त्यांनी हा खेळ जरूर खेळून पाहावा, नातवंडांना शेजारी बसवून. वही मात्र आजोबांनीच ठेवावी.