नाव बदललं, दप्तर जपा



होशंगाबादचं २०२२ साली नर्मदापुरम झालं. आपल्या घरांत अजून त्यावर वाद रंगतात. मैय्याच्या नावाला माझी काहीच हरकत नाही. माझं म्हणणं जुन्या कागदांबद्दल आहे.

माळव्याच्या होशंगशाहानं पंधराव्या शतकात हे गाव वसवलं. पुढे त्यासाठी भोपाळचे नवाब आणि नागपूरकर भोसले यांच्यात ओढाताण झाली. १८१८ साली भोसल्यांकडून हा मुलूख इंग्रजांकडे गेला. १८६१ साली मध्य प्रांत झाला आणि राजधानी नागपूर. म्हणजे पंचाण्णव वर्षं होशंगाबादचं सरकार नागपूरला, आणि नदीच्या अलीकडचं बुधनी भोपाळ रियासतीत! मधे फक्त नर्मदेचं पात्र. १ नोव्हेंबर १९५६ ला भोपाळ राजधानी झालं. नागपूरच्या सचिवालयातली मंडळी बिऱ्हाडं घेऊन इकडे आली. आपल्यातली कितीतरी घरं त्यातलीच.

मग १९९८ साली हरदा वेगळा जिल्हा झाला. आता बघा, १९५० साली हरद्यात जन्मलेल्या माणसाच्या दाखल्यावर जिल्हा होशंगाबाद. आज हरदा त्या जिल्ह्यात नाही, आणि त्या नावाचा जिल्हाही नाही. उद्या वारसाचं प्रकरण निघालं, तर हे नातवंडांना कोण समजावणार?

मुलं म्हणतात, "आजोबा, सगळं ऑनलाइन असतं." असतं ना, पण तिथे आजचा जिल्हा दिसतो. आजोबांच्या दाखल्यावरचा जिल्हा तोच कसा, हे घरातल्या कोणीतरी सांगावं लागतं.

मी आयुष्यभर बँकेत काढलं. खातं बंद झालं म्हणून आम्ही लेजर फाडत नव्हतो. नवीन खात्यावर जुना नंबर लिहून ठेवायचो, म्हणजे मागचा माग लागायचा. घरच्या कागदांचंही तसंच करा. शाळेचे दाखले, जमिनीची कागदं, नेमणुकीचे हुकूम रद्दीत घालू नका. त्यांचे फोटो काढा. सोबत एका चिठ्ठीवर लिहा: गाव कुठलं, तेव्हा जिल्हा कोणता, आज कोणता, राजधानी तेव्हा कुठे होती. मूळ कागदावर मात्र पेन लावू नका.

नावं सरकार बदलतं, तो त्यांचा अधिकार. पण दोन्ही नावं माहीत असलेली पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. हे काम आपणच करायचं, आणि या दिवाळीच्या साफसफाईआधीच.