शराब, सरबत आणि पुसलेला फळा

गेल्या रमजानच्या आधीची गोष्ट. आठवीच्या वर्गात फळ्याच्या एका कोपऱ्यात मी दर आठवड्याला एका धातूची शब्दावली लिहून ठेवते. त्या आठवड्यात शीन, रे, बे ही तीन अक्षरे घेतली होती. शरबत, मशरूब, मशरूबात, मशरब. शब्दांचे खानदान दाखवले की मुलांना मौज वाटते. शेवटी मी 'शराब' लिहिले आणि सांगितले, अरबीत याचा अर्थ पिण्याची वस्तू, एवढाच. वर्ग हसला. मागच्या बाकावरच्या एका मुलाने तर चक्क कान पकडले.

दुसऱ्या दिवशी एक पालक आले. "आपा, रमजान सर पे आया है और आप बच्चों को शराब लिखा रहे?" मी समजावू लागले. त्यांनी ऐकून घेतले, पण पटले नाही. हेडमास्तरसाहेबांनी मला बाजूला घेतले. "छोडिये आपा, मिटा दीजिये. बात बढेगी." मी तो शब्द पुसला. पुसायला नको होता, हे आता लिहिते आहे.

कान पकडणारा तो मुलगा हाफिज होत होता. म्हणजे सूरह नहल त्याला तोंडपाठ. त्या सूरहमध्ये मधमाशीच्या पोटातून जो रंगीबेरंगी पदार्थ निघतो, ज्यात लोकांसाठी शिफा आहे, त्याला कुरआनने जो शब्द वापरला आहे तो 'शराब'. सूरह सादमध्ये हजरत अय्यूब अलैहिस्सलामांच्या पायाखाली जो गार झरा फुटला, तो नहाण्यासाठी आणि 'शराब' म्हणून. जन्नतमधल्या पाक पेयालाही हाच शब्द आहे. आणि जी हराम आहे, तिच्यासाठी अरबीत निराळा शब्द आहे, 'खम्र'. हा मुलगा रोज फज्रनंतर तो शब्द शुद्ध मखारिजसह म्हणतो आणि साडेअकरा वाजता तोच शब्द फळ्यावर दिसला की कान पकडतो. यात दोष त्याचा नाही. त्याला ती भाषा आवाज म्हणून दिली गेली आहे, भाषा म्हणून नाही.

कोणी म्हणेल, उर्दूत शराब म्हणजे दारूच, मग उगाच अरबीचा अट्टहास कशाला? मान्य आहे. शब्द एका भाषेतून दुसरीत गेला की त्याचा अर्थ बदलतो, तो त्याचा हक्क आहे. इफ्तारच्या दस्तरखानावर कोणी "जरा शराब सरकवा" म्हणावे असा माझा आग्रह नाही. माझी तक्रार वेगळी आहे. उठता-बसता ज्या भाषेची कसम आपण खातो, जिच्यासाठी रमजानचे रमदान आणि खुदा हाफिजचे अल्लाह हाफिज करण्याची चढाओढ लागते, तिच्या एका साध्या शब्दाकडे सरळ बघण्याची आपली तयारी नाही.

बरे, हे एका शब्दापुरते असते तर मी गप्प बसले असते. गंमत अशी की याच्या नेमके उलटे उदाहरणही अरबीतच आहे. 'नबीज' हा शब्द हदीस वाचणाऱ्याला ठाऊक असतो. खजूर किंवा मनुका पाण्यात भिजवायच्या, सकाळी भिजवलेले संध्याकाळी प्यायचे, संध्याकाळचे सकाळी. हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांच्या घरी हे पेय होत असे. जास्त ठेवले की ते आंबते, नशा आणते, आणि मग ते हराम. सहीह मुस्लिममध्ये पेयांवर अख्खे प्रकरण आहे आणि त्याचे नाव 'किताबुल अशरिबा'. अशरिबा म्हणजे काय? शराबचे अनेकवचन! आज बैरूतच्या किंवा कैरोच्या हॉटेलात मेनूकार्डावर 'नबीज' लिहिलेले दिसले तर ती वाईन असते आणि औषधाच्या बाटलीवर 'शराब' लिहिलेले असेल तर ते खोकल्याचे सिरप. आपल्याकडचा एखादा दीनदार माणूस तिथे शब्दांवर भरवसा ठेवून गेला तर औषध टाकून देईल आणि वाईन मागवील. इंग्रजीतला सिरप याच शराबपासून निघाला, सॉर्बेट हा याच खानदानातला आणि आपले मराठी सरबतही.

अरब लोक उन्हाळ्यात आणि रमजानमध्ये जे गार पितात, त्याची नावे एकदा वाचून बघावीत. दमास्कस, कैरो, जेरुसलेम, सगळीकडे इफ्तारला 'तम्र हिंदी' असते. चिंच भिजवून, कोळ गाळून, साखर घालून केलेले काळसर सरबत. तम्र हिंदी म्हणजे हिंदची खजूर. इंग्रजांनी त्याचे टॅमरिंड केले. झाड मूळचे आफ्रिकेतले असे वनस्पतिशास्त्र सांगते, पण अरबांनी त्याला ओळख दिली ती हिंदच्या नावाने. त्यात पडणारी साखर अरबीत 'सुक्कर'. ती फारसी शकरवरून आली आणि शकर संस्कृत शर्करेवरून. मिसर आणि सुदानमध्ये 'करकदे' पितात. लालभडक, आंबट. ते आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचे पाणी आहे. ज्या अंबाडीच्या भाजीला आपली मुले नाक मुरडतात तिचीच सख्खी. सीरियात जर्दाळूचा गर वाळवून कातड्यासारखे पातळ थर करतात, त्याला 'कमरुद्दीन' म्हणतात. पाण्यात विरघळवले की दाट केशरी सरबत होते. धर्माचा चंद्र, असा त्या नावाचा अर्थ. जर्दाळूच्या पोळीला हे नाव देताना कोणाची भावना दुखावली नाही.

'जल्लाब'ची गोष्ट मला सर्वांत आवडते. लेबनॉनकडे द्राक्षाची किंवा खजुराची काकवी, गुलाबपाणी, वर बर्फ आणि चिलगोज्यासारख्या पाइनच्या बिया, मनुका. मूळ शब्द फारसी, गुलाब, म्हणजे फुलाचे पाणी. अरबीच्या वर्णमालेत 'ग' नाही, म्हणून त्याचा जुलाब झाला. तो युरोपात गेला आणि इंग्रजीत जूलेप झाला. अमेरिकेत पुदिना घालून दारूचा जूलेप करतात. इकडे हकिमांनी कडू रेचक औषध गुलाबाच्या गोड पाण्यातून द्यायला सुरुवात केली आणि पाण्याचे नाव औषधाला, औषधाचे नाव परिणामाला चिकटले. मराठीत जुलाब म्हणजे काय, ते सांगायला नको. एकच शब्द. बैरूतमध्ये पाहुण्याला देतात, अमेरिकेत घोड्यांच्या शर्यतीला पितात आणि आपल्याकडे तो झाला तर शाळेतून रजा मिळते. आता यात पवित्र कोणता आणि अपवित्र कोणता, हे कोणत्या दारुल-इफ्ताने ठरवायचे?

ज्येष्ठमधाचे पाणी विकणारा कैरोत अजून दिसतो. पोटाशी भलेमोठे चकचकीत भांडे बांधलेले, हातात धातूच्या दोन बशा, त्यांचा खणखणाट करत तो फिरतो. त्या पेयाचे नाव 'इर्क सूस'. इर्क म्हणजे मूळ, शीर. लिहायला ऐन, रे, काफ. हीच तीन अक्षरे जबर लावून वाचली की 'अरक' होते, म्हणजे घाम, आणि थेंब-थेंब गाळलेला अर्क. लेबनॉनची बडीशेपेची दारूही 'अरक'च. जेर-जबर न लिहिलेल्या पाटीवर ज्येष्ठमध आणि दारू एकसारखी दिसते. वाचणाऱ्याला भाषा यावी लागते. नुसता आदर पुरत नाही.

आदराचे दुसरे टोकही मी पाहते. तिकडे जे काही आहे ते सगळे अस्सल इस्लामी, असे मानणारे. आखाती देशांत रमजान आला की दुकानांत जांभळ्या विम्टोच्या बाटल्यांची रास लागते. इफ्तारची खास परंपरा! ते विम्टो 1908 मध्ये मँचेस्टरमध्ये जन्मले आणि 1928 पासून एका सौदी व्यापारी घराण्याने ते अरबस्तानात आणले. त्याहून थोडे जुने आपले रूह अफजा, दिल्लीच्या हकीम अब्दुल मजीद यांच्या दवाखान्यातले. त्याच्या नावात रूह अरबी आणि अफजा फारसी. मक्का-मदिन्यात खरोखर जुने काही प्यायचे असेल तर 'सोबिया' आहे, जव किंवा वाळल्या रोटीपासून केलेले, दालचिनी-वेलची घातलेले. उमऱ्याला जाऊन आलेल्या किती जणांनी ते चाखले, हे मी विचारते तेव्हा लोक पेप्सीचे नाव सांगतात.

या सगळ्यात ज्याला खरी अरबी येते त्याला आपण विचारतच नाही. रत्नागिरी-रायगडकडचा एखादा चाचा वीस वर्षे जिद्दा-दम्मामला ड्रायव्हरकी करून परत येतो. त्याला माहीत असते की तिथे दुकानात 'लबन' मागितले तर ताक मिळते, दुधाला 'हलीब' म्हणावे लागते. आपल्या मुलांना कुरआनातला लबन म्हणजे दूध एवढे तरी शिकवलेले असते का? आणि मिसरमध्ये आजही लबन म्हणजे दूधच. चाचाला 'बारिद' म्हणजे गार आणि 'असीर' म्हणजे फळांचा रस हे ठाऊक असते. उर्दू कानाला असीर म्हणजे कैदी वाटतो, कारण ऐन आणि अलिफ, साद आणि सीन आपण एकाच तोंडाने म्हणतो. रसाच्या असीरमध्ये ऐन, साद, रे आहे. अस्रच्या नमाजमध्ये तीच तीन अक्षरे. चाचाला हे व्याकरण येत नाही, पण शब्द येतात. मदरशातल्या पोराला व्याकरण येते, शब्द येत नाहीत. दोघांना एका बाकावर बसवावे असे कुठल्या कमिटीला सुचलेले मी तरी पाहिले नाही.

आणि हो, तिकडच्या शुद्धीवाल्यांनाही सूट नको. सावरकरांच्या भाषाशुद्धीने पुष्कळ फारसी-अरबी शब्दांना पर्याय काढले, काही रुळलेही. पण लिंबाचे सरबत सरबतच राहिले. तळपत्या उन्हात आलेल्या माणसाला कोणी 'शीतपेय घ्या' म्हटलेले मी सत्कार समारंभाबाहेर ऐकले नाही. दोन्हीकडचे शुद्धीवाले एकाच तहानेने सरबत पितात.

कैरोच्या अल-मुइज्ज रस्त्यावर अब्दुर्रहमान कतखुदाची 1744 ची एक इमारत आहे. तिला 'सबील-कुत्ताब' म्हणतात. अशा बऱ्याच इमारती त्या शहरात होत्या. खालच्या मजल्यावर जाळीतून वाटसरूला गार पाणी फुकट आणि वरच्या मजल्यावर मुलांची शाळा. सबील म्हणजे वाट, रस्ता. मोहर्रममध्ये आपल्या मोहल्ल्यांत सरबताची सबील लागते ती हीच. माझ्या शाळेतही खाली पाण्याची टाकी आणि वर वर्ग आहेत. टाकी उन्हाळ्यात निम्मे दिवस कोरडी असते, तो वेगळा विषय. कतखुदाच्या त्या इमारतीत मुले कुरआन शिकत होती आणि खालून पाणी मागणाऱ्यांचे आवाज वर येत होते. पिण्याचा शब्द त्यांनी आयतीत वाचला आणि खिडकीतूनही ऐकला. त्यांना कान पकडावे लागले नसणार.

त्या पालकांचा मला राग नाही. मुलासाठी ते रात्रपाळी करून सकाळी शाळेत आले होते. राग आहे तो त्या "मिटा दीजिये"चा, आणि मी डस्टर उचलल्याचा. ते मूल आता नववीत आहे आणि नववीची उर्दू यंदा माझ्याकडेच आली आहे. कोपऱ्यात शीन, रे, बे पुन्हा लिहिणार आहे. या वेळी शेजारी नबीजही लिहीन आणि आधी त्यालाच उभे करून सूरह नहलची ती आयत म्हणायला सांगेन.