कीर्तिदालन आणि संप्रदाय

कोलकात्याच्या मैदानावर गोष्ठ पाल यांचा पुतळा उभा आहे. ते बचावफळीतले खेळाडू. गोलांच्या तक्त्यात त्यांना शोधणे व्यर्थ. तरीही १९६२ साली पद्मश्री मिळविणारे ते पहिले फुटबॉलपटू ठरले. गोल न करताही थोर ठरता येते, हे या शहराने केव्हाच मान्य केले आहे. 'हॉल ऑफ फेम', म्हणजे कीर्तिदालन, यासाठी खेळाडू निवडण्याची चर्चा निघाली की मात्र आपण पुन्हा आकडे व पदके यांच्याकडे वळतो. आणि त्याहूनही अधिक, क्लबांकडे.

क्लब हा फुटबॉलमधला संप्रदाय होय. महानुभावांचे ग्रंथ पंथाने सांकेतिक लिपीत जपले, म्हणून ते आपल्या हाती आले. संप्रदाय नसलेल्या कवीच्या पोथ्यांची नक्कल कोण करणार? मोहनबागानने २००१ साली आपला पहिला 'रत्न' पुरस्कार शैलेन मन्ना यांना दिला, यात गैर काहीच नाही; आपल्या माणसांचे स्मरण ठेवणे हा संप्रदायाचा धर्मच आहे. प्रदीपकुमार बॅनर्जी तिन्ही बड्या क्लबांपैकी एकाकडूनही खेळले नाहीत. ते खेळत असताना ईस्टर्न रेल्वेने १९५८ची कलकत्ता लीग जिंकली. पण पुढे मोहनबागान व ईस्ट बेंगॉल यांचे प्रशिक्षकपद त्यांच्याकडे आले, आणि शहराने त्यांना आपले म्हटले.

ज्याला असे कोणीच आपले म्हणत नाही, त्याचे काय? मैदानावर एका वयोवृद्ध रसिकापाशी मी नेव्हिल डिसूझा यांचे नाव काढले. त्यांचा पहिला प्रश्न होता, "कोणाकडून खेळायचे?" गोव्यात जन्मलेले डिसूझा मुंबईच्या कंपनी-संघांतून खेळले. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविले, त्यातले तीन गोल त्यांचे. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. युगोस्लाव्हियाविरुद्धही त्यांनी गोल केला. भारत चौथा आला. पदक नाही, म्हणून पदकांच्या मोजणीत हे सारे शून्य!

तीन सामन्यांवर थोरवी ठरवावी काय, असा आक्षेप येईल. तो क्षुल्लक नाही, हे मान्य करतो. परंतु केशवसुतांच्या उपलब्ध कविता दीडशेच्या आतच आहेत, आणि तरी आधुनिक मराठी कवितेचा विचार त्यांना वगळून सुरू होत नाही. माझ्या मते कसोटी एवढीच: या खेळाडूमुळे खेळाच्या शक्यतेविषयीची आपली समजूत बदलली काय? गोष्ठ पाल व डिसूझा दोघेही या कसोटीला उतरतात. दीर्घकाळ खेळलेले, पदके मिळविलेले कित्येक जण उतरत नाहीत.

ही कसोटी मानली, तर निवड-समितीची बैठक ज्यांच्यामागे क्लब नाही अशांच्या नावांपासून सुरू व्हावी, असे मी सुचवीन. बड्या क्लबांची नावे घेणारे समितीत असतीलच. या इतरांची टिपणे मात्र कोणीतरी आधी करून आणावी लागतील.