टिकला तर बघू!

‘टिकला तर बघू’ या तीन शब्दांनी आपल्या मध्यमवर्गीय घरांत जेवढे सूर मारले, तेवढे बेसुऱ्या गळ्यांनीही मारले नसतील. मुलगी गिटार मागते. वडील दुकानदाराला म्हणतात, “सगळ्यांत स्वस्तातली दाखवा. टिकली तर पुढे बघू.” सहा महिन्यांनी गिटार माळ्यावर जाते आणि घर निकाल देते : हिच्यात चिकाटीच नाही.

याला काटकसर म्हणायला मी तयार नाही. ही मुलीची परीक्षा आहे, आणि ती नापास होण्यासाठीच काढलेली आहे.

पोलादी तारांच्या गिटारवर बाराव्या पडद्यापाशी तार पडद्यापासून साधारण अडीच मिलिमीटर उंच असावी. अगदी स्वस्तातल्या गिटारवर हे अंतर पुष्कळदा चार-पाच मिलिमीटर भरते. तार दाबताना बोटे सोलवटतात, हे झाले एक. दुसरे त्याहून वाईट. एवढी उंच तार खाली दाबली की ती ताणली जाते आणि सूर चढतो. मुलीचा कान बरोबर असतो, खोटे बोलते ते लाकूड. आणि आपण दोष कोणाला देतो?

आता दुसरी जात पाहा. ही मंडळी म्हणतात, “घ्यायचीच तर भारी घ्या, हात आपोआप बसतो.” हात पैशाने बसत नाही. भारी गिटारची वरची फळी बहुधा अखंड लाकडाची असते. तिचा आवाज गोड, पण बेळगावच्या किंवा गोव्याच्या पावसाळ्यात ती ओल पिते, फुगते आणि तारा वर उचलते. थर चिकटवलेल्या फळीचा आवाज थोडा बसका, पण ती हवा सोसते. नवशिक्याला हीच बरी.

मग खर्च करायचा कशावर? वाद्य जुळवून घेण्यावर. तार ज्या पट्टीवर टेकते ती जाणकाराकडून घासून घ्यावी, वरच्या टोकाच्या खाचा पाहून घ्याव्यात, मानेत सळई असेल तर ती बेताने फिरवून घ्यावी. ०.०१२ इंचाच्या तारसंचाऐवजी ०.०१० चा लावावा, किंवा सरळ नायलॉनच्या तारांची गिटार घ्यावी. नव्या गिटारच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. पण तो दिसत नाही, शेजाऱ्याला दाखवता येत नाही, म्हणून आपण करत नाही.

दुसरी, अधिक चांगली गिटार घ्यावी का? अवश्य घ्यावी, आणि हौशी माणसाने त्याची लाज बाळगू नये. मात्र ती हाताने मागावी, डोळ्यांनी नव्हे. नीट जुळवलेल्या गिटारवरही वरच्या पडद्यांवरचे सूर खोटे लागू लागले, बोटांना रुंद मान हवीशी वाटू लागली, की समजावे वेळ आली. आणि जुनी गिटार पलंगाखाली न ढकलता दुसऱ्या शिकणाऱ्याला द्यावी.

“पण गिटार आपली कुठे?” हा आक्षेप सीमाभागातल्या घरांत हमखास येतो. मग पेटी कुठली? १८४२ मध्ये पॅरिसमध्ये अलेक्झांडर देबँ याने हार्मोनियमचे पेटंट घेतले. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला परकी आणि बेसूर म्हणून दूर ठेवले. त्याच पेटीला बेळगावच्या रामभाऊ विजापुऱ्यांनी आयुष्य वाहिले, आणि आज ती आपली नाही असे म्हणण्याची कोणाची छाती नाही. गिटारवर राग वाजवणारे ब्रिजभूषण काब्रा १९६७ मध्येच ‘कॉल ऑफ द व्हॅली’त ऐकू आले होते. वाद्य आपले होते ते वाजवल्याने, जन्मदाखल्याने नव्हे.

राहिला शेवटचा प्रश्न : “उपयोग काय?” परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही, रंगमंच नाही. नसू दे. दिवसभर दोन भाषांत हिशेब करणाऱ्या घरात संध्याकाळी अर्धा तास कोणी तरी हिशेबाबाहेरचे काही करते, एवढा उपयोग मला पुरेसा वाटतो.

तेव्हा मुलीला चिकाटी नाही असे म्हणण्याआधी तिच्याच दप्तरातली मोजपट्टी काढा आणि बाराव्या पडद्यावर तारेखाली धरा. निकाल त्यानंतर द्या.